मॅडमच्या केसांना तेल

आई गेली तेव्हा मी बहरीनला, मुहर्रकमध्ये मॅडमना सूप भरवत होते. बदली नर्स मिळाली नाही, म्हणून लीव्ह नाही. चिपळूणला भावानं मोबाईल धरला, त्यात अंत्यविधी तेवढा बघितला. रडू आलं नाही. महिना झाला, अजूनही येत नाही.

मॅडम ओदिल ब्याण्णव वर्षांच्या. तरुणपणी पॅरिसला सिनेमाच्या नायिका होत्या. चौदा सिनेमे केले. पोस्टरवर चेहऱ्याआधी त्यांचे कुरळे केस दिसायचे. तिशी उलटली आणि कामं बंद झाली. मग इथल्या एका व्यापाऱ्याशी लग्न करून आल्या त्या इथल्याच झाल्या. आता तिकडे त्यांचा एक जुना सिनेमा पुन्हा लागणार होता आणि आधी त्यांचं व्हिडिओ कॉलवर घेतलेलं पाच मिनिटांचं बोलणं दाखवणार होते. साठ वर्षांनी कॅमेरा! आठवडाभर बाई आरशासमोर बोलत होत्या. माझं डोकं उठलं होतं.

त्या सकाळी नेमकं त्यांचं डोकं ठणकायला लागलं. मी काय करावं? वाटीभर खोबरेल कोमट केलं, टाळूवर थापलं, भरपूर चोळलं आणि घट्ट वेणी घातली. आईची घालायचे तशी. हात थांबेचना. मॅडमना मस्त झोप लागली.

त्यांचा मुलगा नजीब आला आणि ओरडलाच. "ये क्या किया, तेजस्वी? दस मिनट में कॉल है!"

धुवायला वेळ नव्हता. तो रागानं दार आपटून बाहेर गेला. मी फोन धरून उभी राहिले.

पडद्यावरच्या पोरानं फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. मॅडमनी वेणीला हात लावला. मग हळूच एक वाक्य बोलल्या. पोराचा चेहरा पडला. डोळे पुसत तो बराच वेळ बोलत राहिला, मॅडम मान हलवत ऐकत राहिल्या. फोन बंद झाल्यावर मी विचारलं, काय म्हणाला?

"तेलकट वेणीत ओळखलंच नाही मला. मॅडमना बोलवा म्हणाला. मी सांगितलं, त्या वारल्या."

मला घाबरायला हवं होतं. तेही जमलं नाही.

"चौदाही सिनेमे पाठ होते गं त्याला," मॅडम म्हणाल्या. "ज्यात मी फक्त दार उघडते, तोसुद्धा."

"आणि नजीबला काय सांगायचं?"

"सांग, मी छान बोलले."

नजीबनं दार उघडलं. "कैसा रहा?"

"बहुत अच्छा बोलीं," मी म्हटलं.