वाकड्या कमरेची गिटार

मित्रांनो, मी एक जुनी, विजेवर वाजणारी गिटार आहे आणि गोष्ट सुरू करण्याआधीच एक विनंती करून ठेवते. मला भिंतीला टेकवून उभी करू नका. मी पडते. बाकीच्या गिटारी शहाण्या मुलींसारख्या कोपऱ्यात उभ्या राहतात. मी मात्र हळूच एका बाजूला कलते आणि धाडकन आडवी होते. यात माझा खट्याळपणा काही नाही, माझी घडणच तशी आहे.

नेहमीच्या गिटारीची कंबर दोन्ही बाजूंनी समोरासमोर आत गेलेली असते. माझी एक बाजू वर सरकलेली आणि दुसरी खाली घसरलेली आहे. कोणीतरी मला दोन टोकांना धरून तिरके ओढल्यासारखी मी दिसते. ज्या कारखान्यात मी जन्मले, तिथे आराखडे काढणाऱ्या माणसाने हे मुद्दाम केले होते. उभ्याने वाजवणाऱ्यांचा विचार सगळेच करतात, बसून वाजवणाऱ्यांचा कोणी करायचा, असे त्याचे म्हणणे. करवतीवरच्या सुताराला ते अजिबात पटले नव्हते.

"साहेब, हिचं माप चुकलंय," तो म्हणाला.

"चुकलं नाही. मांडीवर घेऊन बघा."

सुतार नाराजीनेच स्टुलावर बसला आणि त्याने मला मांडीवर घेतले. मी त्याच्या मांडीवर अशी बसले की त्याला हाताने सावरावेही लागले नाही. त्याचा कोपर माझ्या उतरत्या कडेवर आपोआप विसावला. त्याने एकदा मान डोलावली. उठला आणि पुन्हा कामाला लागला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक होते, आणि पुढे बरीच वर्षे तेवढ्यावरच भागवावे लागले.

मला फिकट पिस्ता रंग दिला. अंगात तारांचे जाळे भरले. माझ्या वरच्या शिंगाजवळ, म्हणजे वाजवणाऱ्याच्या हनुवटीखाली येतो त्या बाजूला, एक लहानसा खटका बसवला आणि त्याच्याजवळ दोन अर्ध्या बुडालेल्या, बोटाने फिरवायच्या चकत्या. त्या खटक्याचे काम काय, ते बसवणाऱ्याला माहीत होते. पुढे ज्यांच्या हाती मी पडले, त्यांना नव्हते. माझी सगळी गोष्ट या खटक्याभोवती फिरते, म्हणून तो नीट लक्षात ठेवा.

या हातातून त्या हातात फिरत मी एका जुन्या वाद्यांच्या दुकानात आले. गिऱ्हाइके दारातून माझ्या रंगावर भाळायची आणि हातात घेतले की नाक मुरडायची. माझ्या सवयीच तशा. जोरात वाजवले की माझी एखादी तार घोडीवरून, म्हणजे ज्या पट्टीवर तारा टेकतात तिच्यावरून, बाजूला उडी मारते. कोणी वाजवत नसले तरी मी हलकेच गुणगुणते. घोडीच्या मागे तारांचा थोडा तुकडा मोकळा राहतो, तिथे बोट लागले तर बारीक किणकिण होते. ज्यांना ही किणकिण आवडते त्यांना ती जन्मभर आवडते, बाकीचे मला खुळी म्हणतात. मधले कोणी मला तरी भेटले नाही.

मग एक दिवस ताई आली; तिचा भाऊ तिला ताई म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणते. ती मात्र थेट घोडीच्या मागेच बोट घालून बसली. विशी ओलांडलेली, केस कसेबसे बांधलेले. किणकिण ऐकून ती हसली आणि मला खाली ठेवेचना. दुकानदाराने मला तिच्या स्वाधीन करताना एवढेच सांगितले, "वरच्या त्या खटक्याला हात लावू नका. तो शोभेचा आहे, त्याचं काही काम नाही." माणसाला एखादी गोष्ट माहीत नसली की तो ती शोभेची आहे म्हणून मोकळा होतो. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पला वायर जोडल्याशिवाय माझा आवाज तो केवढा!

ताईचा धाकटा भाऊ घराच्या खालच्या खोलीत पंखे, इस्त्र्या, रेडिओ दुरुस्त करायचा. ताई त्याला ठिणग्या म्हणायची, कारण लहानपणी त्याने घराचा फ्यूज इतक्या वेळा उडवला होता की शेजारचे वैतागले होते. वरच्या खोलीत ताई मला वाजवायची आणि तार घोडीवरून उडाली की जमिनीवर पाय आपटायची. मग खालून हाक यायची.

"ताई, परत उडाली का?"

"तू वर ये आणि तूच वाजव!"

एके दिवशी तो खरेच वर आला, बारीक कानस घेऊन. घोडीवरच्या खाचा त्याने एकेक करून अशा खोल केल्या की त्यानंतर माझी तार क्वचितच हलली. काम करताना तो श्वास रोखून धरायचा आणि झाले की मोठा सुस्कारा सोडायचा. माझ्या अंगावर इतक्या मायेने हात फिरवणारा दुसरा कारागीर मला भेटला नाही. ती माझी सुखाची वर्षे होती.

मग तो कार्यक्रम ठरला. गावोगाव फिरणाऱ्या एका मोठ्या बँडचा मुख्य माणूस त्या संध्याकाळी ताईला ऐकायला येणार होता. त्यांना एक गिटार वाजवणारी हवी होती. आईने ताईसाठी नवा कोट शिवला, रुंद बाह्यांचा, मनगटावर ठसठशीत पितळी बटणे लावलेला. आणि नेमके आदल्या दिवशी, वायर खोचतात त्या जागेची माझी आतली तार तुटली. ठिणग्याने मला उघडले, कथिल वितळवून, म्हणजे सोल्डर करून, ती जोडली, तीन तीनदा तपासली आणि म्हणाला, "जा, बिनधास्त वाजव."

ताईने बिनधास्त वाजवले. तिसऱ्या गाण्यात तिची एकटीची पाळी आली. तिने जोशात हात वर नेला, खाली आणला, आणि कोटाच्या बाहीचे बटण माझ्या वरच्या खटक्याला लागले. टक्. खटका खाली बसला आणि मी मुकी झाले.

मित्रांनो, मला सगळे कळत होते. तारा थरथरत होत्या, पण आवाज ॲम्पपर्यंत जातच नव्हता. ताईने वायर हलवली, ॲम्पला थापट्या मारल्या. ढोल वाजवणाऱ्याने कशीबशी वेळ मारून नेली. समोर कोणीतरी फिदीफिदी हसले. तो मुख्य माणूस शेवटपर्यंत थांबला नाही, आणि बँडने पुढे दुसऱ्याच कोणाला घेतले.

कार्यक्रमानंतर ठिणग्या धावत आला. ताईने सगळ्यांसमोर, वादकांसमोर, खुर्च्या उचलणाऱ्यांसमोर त्याला सुनावले, "तुझ्यावर विश्वास ठेवला, हीच माझी चूक झाली. पंखेच दुरुस्त कर तू!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, एकदा उघडून बघू दे."

"हात लावायचा नाही!"

दुसऱ्या दिवशी तिने मला एकदा वायर लावून पाहिली. मी गप्पच. मग तिने मला लांब पेटीत घातले आणि पेटी कपाटावर चढवली. ज्याच्या हातून खरे काय ते पाच मिनिटांत कळले असते, त्यालाच तिने हात लावू दिला नाही.

पेटीत मी अकरा वर्षे काढली. अंधाराचे मला वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते बाहेरून कानावर येणाऱ्या गोष्टींचे. बहीणभाऊ भांडत नव्हते, तेच तर दुःख होते. ठिणग्याने दुकान दुसऱ्या गल्लीत हलवले. जेवायला आला तरी दोघांत "पाणी दे" आणि "दार लावून घे" यापलीकडे बोलणे नाही. एकदा आई शेजारणीला सांगताना मी ऐकले, की आता तो वाद्ये दुरुस्तीला घेतच नाही. कोणी गिटार किंवा हार्मोनियम घेऊन आले तर "माझा हात बारीक कामाला भरवशाचा नाही" असे सांगून परत पाठवतो. तेव्हा माझ्या काळजात चर्र झाले. त्याचा हात किती भरवशाचा आहे, हे या जगात फक्त मला ठाऊक होते, आणि मी तोंड बंद करून कपाटावर पडले होते.

ताई शाळेत मुलांना साधी लाकडी गिटार शिकवू लागली होती. मग तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. डावा पाय समोरच्या स्टुलावर सरळ ठेवायचा आणि महिनाभर खुर्ची सोडायची नाही, असा डॉक्टरांचा हुकूम. त्या अवस्थेत लाकडी गिटार मांडीवर ठरेना. सारखी घसरायची आणि ताई चिडायची.

"ती वाकडी काढते थांब," आई म्हणाली. "मांजरीसारखी बसायची मांडीवर."

"नको आई. ती मेलीये."

आईने ऐकून घेतले आणि पेटी खाली उतरवली. मला पाहून ती म्हणाली, "अगं बाई, काय ही कळा!" आणि टॉवेलचे टोक ओले करून तिने मला असे खसाखसा पुसले, जसे एखाद्या मळक्या मुलाचे तोंड पुसावे. त्या पुसण्यात वरचा खटका टक् करून वर गेला. आईला कळले नाही. ताईलाही नाही. माझा मात्र जीव भांड्यात पडला.

ताईने गंजलेल्या तारा काढून नव्या चढवल्या. तिरक्या कमरेच्या खळग्यात तिची मांडी बरोबर बसली. चार दिवस ती मला तशीच, वायर न लावता वाजवत राहिली. पाचव्या दिवशी दुपारी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जरा मोठ्याने वाजव ना, इकडे काही ऐकू येत नाही."

"सांगितलं ना, ती मेलीये."

"मग वायर लावायला भीती कसली?"

ताईने वायर लावली आणि तारेवर बोट मारले. आधी अकरा वर्षांची खरखर निघाली आणि पाठोपाठ माझा आवाज, खणखणीत. स्वयंपाकघरात काहीतरी पडले. ताई हसली नाही. तिच्या तोंडून एवढेच निघाले, "मग तेव्हा काय झालं होतं?"

ती माझ्यावरून बोट फिरवत गेली, एकेक वस्तू दाबत, हलवत. वरच्या खटक्यापाशी बोट आले. खाली केला, मी मुकी. वर केला, मी बोलती. तिने खटका आणखी दोनदा खालीवर केला. मग आईला म्हणाली, "तो पितळी बटणांचा कोट आहे का गं अजून?"

आईने कोट आणून दिला. भर उकाड्यात ताईने तो अंगात चढवला, हात वर नेला आणि खाली आणला. टक्.

कोट अंगात तसाच ठेवून ती रडली. आई जवळ येऊन उभी राहिली. मग ताईने फोन उचलला. "ठिणग्या," ती म्हणाली, "येशील का जरा?" त्या नावाने तिने त्याला अकरा वर्षांत हाक मारली नव्हती.

तो अवजारांची पिशवी घेऊनच आला. पंखा बिघडला असेल असे त्याला वाटले होते. ताईच्या मांडीवर मी दिसले तसा तो दारातच थबकला.

"तुझा जोड सुटला नव्हता," ताई म्हणाली. "माझी बाही लागली होती." आणि तिने कोटाच्या बाहीने खटका पाडून दाखवला.

तो खाली बसला. "उघडून बघू?" त्याने विचारले.

"बघ."

त्याने माझे स्क्रू काढले. वायर खोचायच्या जागेमागे त्याचा जोड होता, टाचणीच्या डोक्याएवढा, गोल आणि शाबूत. त्याने नखाने तो हलवून पाहिला. हलला नाही.

"मला वाटायचं, त्या दिवशी माझा हात थरथरला असणार," तो म्हणाला.

"चुकले मी. चारचौघांत तुला नको ते बोलले."

त्याने डोळे पुसले आणि नाक ओढत म्हणाला, "बोललीस चारचौघांत आणि माफी मात्र एकट्या आईसमोर! हे बरंय तुझं."

आई हसली. ताईही ओल्या डोळ्यांनी हसली. तो मात्र पुन्हा माझ्यात डोके घालून बसला होता. वरच्या खटक्याच्या तारांचा बोटाने माग काढत तो पुटपुटला, "हा शोभेचा कुठला? याच्या तारा त्या चकत्यांकडे जातायत." त्यातली आवाज कमीजास्त करणारी चकती जुन्या धुळीने शून्यावरच घट्ट बसली होती. त्याने ती साफ केली, हळूहळू फिरवली आणि म्हणाला, "आता खटका खालीच ठेव आणि वाजव."

ताईने वाजवले. मित्रांनो, तो माझा दुसरा आवाज होता, खोल आणि मऊ. मला बनवणाऱ्यांनी तो माझ्यात ठेवला होता आणि एवढ्या वर्षांत कोणी ऐकलाच नव्हता. सगळे ज्याला माझे मरण समजले, तिथे फक्त एक चकती फिरवायची राहिली होती. ठिणग्याने श्वास रोखून ऐकले आणि सूर विरल्यावर त्याचा तो जुना सुस्कारा सोडला.

"खटक्यावर चिकटपट्टी लावून देऊ का? परत लागायला नको."

"नको," ताई म्हणाली. "लागू दे."

म्हणून सांगते, मित्रांनो, एखादी वस्तू अचानक गप्प झाली तर तिला मेलेली म्हणून कपाटावर टाकू नका. आणि तिला शेवटचा हात ज्याने लावला, त्याला रागाच्या भरात बोल लावू नका. त्याला ती उघडून बघू द्या.

ताईचा गुडघा आता बरा आहे. गेल्या आठवड्यात ती मला घेऊन ठिणग्याच्या दुकानात गेली. सोबत रंगाचा डबा आणि ब्रशही होता. ऐन वर्दळीच्या वेळी, गल्लीतल्या सगळ्यांसमोर ती स्टुलावर चढली. पाटीवर "पंखे, इस्त्री, मिक्सर" असे लिहिले होते, त्याखाली तिने एक शब्द वाढवला, "वाद्ये". ठिणग्या दारात उभा राहून लाजत होता आणि "ताई, खाली उतर, गुडघा जाईल" म्हणत होता. अक्षर जरा तिरके आले आहे. पण त्याबद्दल मी काय बोलणार?