जहाज कसं चुकवावं

डोरीनने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, इकडेतिकडे बघितलं आणि चावी ओढून काटे एक तास मागे फिरवले. बावीस क्रूझ झाल्या होत्या, पण प्रवासात तिने या घड्याळाच्या चावीला कधी बोट लावलं नव्हतं. जहाजाची वेळ तीच खरी वेळ, बेटावर किती वाजलेत ते बेटवाल्यांनी बघावं, असं जेवणाच्या टेबलावर ती नवख्यांना बजावायची. मोबाइल किनाऱ्यावर उतरला की मेला आपल्या मनाने वेळ बदलतो आणि रोआतानसारख्या बेटावर तासभर मागे जातो. मग तुम्ही वाळूत पाय पसरून नारळपाणी पीत बसता आणि तुमच्या बॅगा मेक्सिकोच्या वाटेला लागतात.

नवखे हसायचे आणि लिहून घ्यायचे. जहाजाच्या सहलीच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. बाहेरची टॅक्सी केलीत तर तुम्ही आणि तुमचं नशीब. औषधं खोलीत ठेवू नका, जवळ बाळगा. रोजच्या पत्रकाच्या तळाशी जहाज कंपनीच्या बंदरावरच्या एजंटचा फोन नंबर मुंगीएवढ्या अक्षरात छापलेला असतो, तेवढा तुकडा फाडून पाकिटात घाला. इंडियानातल्या एका गावात तीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळलेली बाई ती. बर्फ पडो नाहीतर आभाळ कोसळो, तिची बस दोन मिनिटांपेक्षा जास्त उशिरा कधी धावली नाही.

आणि आज ती ठरवून उशीर करायला बसली होती. जहाज पकडायला लागते त्याहून जास्त अक्कल ते चुकवायला लागते, हे तिला रोआतानच्या या समुद्रकाठच्या खानावळीत बसून कळत होतं. टॅक्सी तिने मुद्दाम बाहेरची केली होती. औषधं पिशवीत टॉवेलाखाली होती. एजंटचा नंबर पाकिटात होता. नव्हता तो फक्त पासपोर्ट. तो खोलीतल्या तिजोरीत होता आणि तिजोरीचा आकडा तिच्या नवऱ्याने, लायलने, पहिल्याच दिवशी बदलला होता.

"तू हल्ली विसरतेस ना," तो म्हणाला होता, "म्हणून माझ्याकडे राहू दे."

डोरीन काही म्हणजे काही विसरत नव्हती. पण लायल हे सगळ्यांना सांगत सुटला होता. जेवणाच्या टेबलावर सांगितलं. पलीकडच्या खोलीतल्या जोडप्याला सांगितलं. जहाजावरच्या मदतकक्षात जाऊन सांगितलं, की बायको झोपेत उठून चालते, बाल्कनीचं दार उघडते, मला फार काळजी वाटते. हे तिला कळलं ते दुसऱ्या दिवशी ती टॉवेल बदलून घ्यायला गेली तेव्हा. तिथली मुलगी तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून बोलली आणि तुमच्या खोलीचा नंबर आठवतोय का, असं फार गोड हसून विचारलं. डोरीनने पैसे भरून घरी आपल्या लेकीला फोन लावला, तर लेक म्हणाली, हो गं आई, बाबांनी ऑक्टोबरमध्येच सांगितलंय मला, तू त्रास करून घेऊ नकोस. ऑक्टोबरमध्ये तर या प्रवासाची तिकिटंही काढली नव्हती.

लायल असं का करत होता ते तिला कळलं नव्हतं. कळेपर्यंत थांबायची तिची तयारी नव्हती.

एक गोष्ट मात्र तिला पक्की ठाऊक होती. जहाज सुटायच्या वेळी कुणी प्रवासी परतला नसेल, तर जहाजाचे सुरक्षावाले त्याच्या खोलीत जातात, तिजोरी आपल्या किल्लीने उघडतात आणि त्याचा पासपोर्ट पाकिटात घालून बंदरावरच्या एजंटच्या हाती देतात. बावीस प्रवासांत तिने हे तीनदा बघितलं होतं. लायलच्या मुठीतून पासपोर्ट सोडवायचा हा एकच रस्ता होता. लायल गुडघ्याचं कारण सांगून कुठल्याच बंदरात उतरत नसे. तो जहाजाबरोबर जाईल, पासपोर्ट मागे राहील, आणि उद्याच्या विमानाने ती ओहायोत बहिणीच्या दारात उभी असेल. विचारलंच कुणी, तर घड्याळ दाखवायचं आणि चुकलं हो माझं, म्हणायचं. तिला विस्मरण झालंय हे जगजाहीर होतंच. लायलचं खोटं निदान एकदा तरी तिच्या कामाला येणार होतं.

टॅक्सीवाला आल्फर्ड डिलबर्ट ठरल्या वेळी आला. साठीचा, उंच, इस्त्रीच्या शर्टाचा बेटावरचा माणूस. सकाळी बंदरावरून इथे वेस्ट एंडला येताना त्याने वाटभर तिला हसवलं होतं. बायको आणि जहाज, दोघांनाही थांबायला सांगावं पण थांबतील असं धरून चालू नये, असं त्याचं म्हणणं होतं. अठरा वर्षांत त्याच्या गाडीतल्या एकाही प्रवाशाचं जहाज चुकलं नव्हतं, हे त्याने दोनदा सांगितलं होतं. तेव्हाच डोरीनला वाटलं होतं, झालं, सगळं बेट सोडून नेमका हाच माणूस आपल्या वाट्याला यायचा होता.

तिने आणखी एक तळलेला मासा मागवला होता. आल्फर्डने ताटाकडे बघितलं, मग भटारखान्याकडे.

"मिस डोरीन, तुमच्या जहाजावर तीन वाजून गेलेत."

"माझ्या घड्याळात आत्ता कुठे दोन वाजतायत."

"दिसतंय मला ते. सकाळी गाडीत बसलात तेव्हा बरोबर होतं."

डोरीनने घड्याळावर हात ठेवला. तो समोरची खुर्ची ओढून बसला, विचारल्याशिवाय. गाडीत बसणाऱ्याचं घड्याळ आधी बघायचं, हाच आपला धंदा आहे, असं काहीसं तो सावकाश बोलत राहिला. तिला पळून जाण्यासारखी जागा नव्हती. एकीकडे पाणी, दुसरीकडे हा सज्जन माणूस. ती रडली नसती, पण माशाची प्लेट आली, वाफा येत होत्या, आणि वाढणाऱ्या बाईने "अजून काही हवं का, माय लव्ह?" असं विचारलं. इतक्या मायेने गेल्या आठवड्यात कुणी विचारलं नव्हतं.

"मला ते जहाज पकडायचं नाहीये, आल्फर्ड. चुकवायचंय."

"मिस्टर मारतात का?"

"नाही. पंचेचाळीस वर्षांत कधी हात उगारला नाही."

"मग?"

"मी झोपताना बाल्कनीतली खुर्ची भिंतीशी लावते. पहाटे ती कठड्याला लागलेली असते. मग तो मला हाक मारतो. म्हणतो, डॉल्फिन आलेत, खुर्चीवर उभी राहा म्हणजे नीट दिसतील. मी धरतो तुला."

"आणि डॉल्फिन?"

"नसतात."

आल्फर्डने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याचा प्रवासी मागे राहिला तर बंदरावरच्या टॅक्सीवाल्यांच्या रांगेतून त्याला महिनाभर बाहेर काढणार होते, हे त्याने सकाळीच बढाई मारता मारता सांगून टाकलं होतं. आपल्यामुळे त्याचा तोटा होणार याची डोरीनला लाज वाटत होती. तरी तिने आपलं म्हणणं मागे घेतलं नाही. शेवटी तो इतकंच म्हणाला, की मासा गार होतोय, खाऊन घ्या, पोटात काही असलं की बरं असतं. मग त्यानेही तिच्या प्लेटमधलं केळ्याचा एक काप उचलला.

ते निघाले आणि आल्फर्डने डोंगरावरून जाणारा लांबचा रस्ता धरला. एका ठिकाणी त्याने मावसबहिणीच्या दुकानापाशी थांबून नारळाचा पाव घेतला, उगाचच. वाटेत त्याने सगळं विचारून घेतलं आणि सगळं ठरवलंही. आजची रात्र त्याच्या घरी, बायको बडबडेल पण मनाची चांगली आहे. उद्या सकाळचं विमान. डोरीन मान हलवत होती. डोंगराच्या वळणावरून जहाज दिसलं, बंदराहून मोठं, पांढरंशुभ्र, आणि तिने नजर खाली घेतली.

बंदराच्या फाटकाबाहेर, रुंद पानांच्या बदामाखाली आल्फर्डने गाडी उभी केली. आता फक्त वाट बघायची होती. जहाजाची शिडी अजून खाली होती. वरच्या मजल्यांच्या कठड्यांवर माणसांची गर्दी झाली होती. उशिरा धावत येणाऱ्यांना बघायला ती जमते. डोरीननेही वर्षानुवर्षं तिथे उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. एक तरुण जोडपं चपला हातात घेऊन धावत आलं, वरून आरडाओरडा झाला, दोघं आत गेली. मग पांढऱ्या गणवेशातला एक माणूस खाली आला, एका बाईच्या हातात पाकीट देऊन परत गेला आणि शिडी उचलली गेली. दोर सुटले. जहाज इतकं हळू बाजूला झालं, की बंदरच सरकतंय असं वाटावं.

डोरीनने आठव्या मजल्यावरची आपली बाल्कनी शोधून काढली. लायल तिथे असेल, हातात दुर्बीण घेऊन, असं तिने मनाशी धरलं होतं. ती गाडीच्या काचेमागे अंग चोरून बसली होती ती त्यासाठीच. बाल्कनीत कुणी नव्हतं. पडदा ओढलेला होता. तिच्या मनात पाल चुकचुकली, पण मदतकक्षात जाऊन रडत असेल, सगळ्यांना सांगत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. जहाजाने भोंगा दिला. तीन लांब सूर. बावीस प्रवासांत तो सूर ऐकला की तिला आनंद व्हायचा. आत्ता तिने अंग सरळ करून गाडीची काच खाली घेतली. सुटले, ती मनात म्हणाली. सुटले गं बाई.

जहाज खाडीच्या तोंडाशी गेल्यावर ती खाली उतरली. एजंट बाई फाटकाजवळच होत्या. मिस अर्डिथ एबँक्स, गळ्यात ओळखपत्र, अंगाने भरलेल्या, चालण्यात रुबाब. मागे राहिलेल्यांना धीर देण्यात त्यांचा जन्म गेला होता. डोरीनने तयार केलेलं वाक्य म्हटलं: घड्याळाने घोटाळा केला, फार मूर्खपणा झाला. मिस अर्डिथने तिचे दोन्ही खांदे धरले आणि आल्फर्डकडे असा एक कटाक्ष टाकला, की त्याने मान खाली घातली.

"रडू नका हो. असं होतं माणसाचं. आणि तुम्ही काही एकट्या नाही आहात."

त्यांनी पाकीट दिलं. ते हाताला जाड लागलं. डोरीनने ते उघडलं तर आत दोन पासपोर्ट होते, एकमेकांत सरकवलेले. वरचा तिचा नव्हता.

"तुमच्या मिस्टरांचाही त्यातच आहे," मिस अर्डिथ सांगत होत्या. "जहाज सुटायच्या तासभर आधीच खाली उतरले ते, तुम्हाला शोधायला. तो गुडघा तसला. मी म्हटलं, वर जा साहेब, आम्ही बघतो. ऐकतायत कुठे? माझी बायको विसरते, एकटी पाण्याबिण्याकडे जाईल, म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. नशीब काढलंत. कुठली टॅक्सी केली ते फाटकावरच्या वहीत बघून मीच काढून दिलं. आल्फर्डचा नंबरही दिलाय."

डोरीनने आपला पासपोर्ट काढून घेतला, पिशवीत टॉवेलाखाली अगदी तळाशी सारला. लायलचा तिने पाकिटात परत घातला आणि पाकीट मिस अर्डिथच्या हातात दिलं. तिचा स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नाही, इतका तो शांत होता.

"हा त्यांना द्या. पण आज नको."

"आज नको म्हणजे?"

"उद्या दुपारनंतर."

मिस अर्डिथ तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आल्फर्डकडे बघितलं. चेहऱ्यावरचा धीर देणारा भाव हळूहळू उतरला आणि हातातलं पाकीट त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात आल्फर्डच्या खिशातला फोन वाजायला लागला.

त्याने तो काढून नंबर बघितला. अनोळखी होता. तिघंही त्या फोनकडे बघत उभी राहिली. सहाव्या घंटीला त्याने तो कानाला लावला.

"हो, बोलतोय... हो साहेब, होत्या माझ्या गाडीत. मी त्यांना केव्हाच बंदरावर सोडलं. जहाजावर चढल्या असतील... नाही साहेब, मी आता घरी आहे. दूर आहे घर माझं."

तो ऐकत राहिला. कपाळावर घाम आला होता, तो त्याने मनगटाने पुसला. मग फोन खाली घेऊन त्याकडे नुसताच बघत राहिला.

"काय म्हणाले?" डोरीनने विचारलं.

"आभार मानले. फार चांगलं बोलतात." आल्फर्डने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं, बंद दुकानांकडे, टॅक्सीच्या रांगेकडे. "कुठून बोलताहेत, ते काही सांगितलं नाही."