माझ्यातला मोरूचा तुकडा

मी रापण बोलतेय. पावस गावाच्या खालच्या अंगाला, किनाऱ्यावर माडाखाली पसरलेली दिसतेय ना, तीच. मला नुसतं जाळं म्हणू नका हो! जाळं एकट्यादुकट्याचं असतं, मी अख्ख्या वाडीची आहे.

प्रत्येक घराने आपापला तुकडा विणून आणला आणि ते जोडून मी झाले. कुणाची वीण घट्ट, कुणाची ढिली. मोरूची मात्र इतकी सुबक की मी मनातल्या मनात मिरवायचे. होडी मला समुद्रात गोल फिरवून सोडते, मग दोन्ही बाजूंनी वाडी दोर ओढते. दोराला हात लावणाऱ्याला वाटा, आणि ज्याचा तुकडा माझ्यात आहे तो अंथरुणाला खिळला तरी त्याच्या घराला वाटा. मासळीचे वाटे, म्हणजे सारखे ढीग, वाळूवरच घालायचे, ही आमची रीत.

मोरू गेला, त्याचा तुकडा माझ्या मधोमध राहिला. त्याची बायको हिराकाकी वाट्याची मासळी पाटीत घेऊन मांडवीच्या बाजारात विकायला बसायची.

गेल्या वर्षी रितेश मुंबईची नोकरी सोडून वाडीत परत आला. पोरगा हुशार. त्याने बर्फाच्या गाडीचा व्यापारी गाठला. भाव चांगला मिळू लागला, दोर ओढणाऱ्या शिवातात्याच्या घराची कौलं नवी झाली. मी कशाला नावं ठेवू? पण व्यापाऱ्याला सगळा माल एकदम हवा असायचा. एका सकाळी मी बांगड्याने गच्च भरून आले, आणि रितेशने वाटे न घालताच सगळी मासळी गाडीत चढवली.

हिराकाकी रिकामी पाटी घेऊन उभी राहिली. रितेशने तिच्यापुढे पैसे धरले.

"काकी, ह्यात तुझा वाटा आला. आता उन्हात बसायला नको."

"पैसं घेऊन बाजारात काय विकू? चार दिस जागा रिकामी दिसली तर दुसरी कोणतरी बसंल. मग घरात भिंतीशी बोलत बसू?" तिने आवाज चढवला नाही. "त्यापेक्षा माझ्या घोवाचा तुकडा उसवून दे."

वाटा नसेल तर तुकडा परत न्यायचा, हा हक्कही रीतीतलाच. आजवर कुणी मागितला नव्हता. रितेश चिडला होता, सुरी घेऊन बसलाच. पहिला टाका तुटला. खडकांनी मला कितीदा फाडलंय, पण आपल्या माणसाने उसवायची ही पहिलीच वेळ. मी घाबरले, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात शिवातात्या पुढे आला. "हिराचा काढतोस तर माझा पण काढ."

"माझा पण," मागून वाडीतलीच मैना म्हणाली.

रितेशचा हात थांबला. मग सुरी टाकून तो रस्त्यावरची गाडी थांबवायला पळाला. व्यापारी बडबडत होता, तरी सगळ्यांच्या वाट्याची मासळी खाली उतरली. पाटी भरल्यावरही हिराकाकी निघाली नाही. तिने सुई मागून घेतली आणि तुटलेला टाका स्वतः घातला. मला रडू आलं.

आता मी म्हातारी झालेय, निम्मी तर नायलॉनची. गाडी रोज येते, येऊ दे. पण वाडीवाल्यांनो, आधी वाळूवर वाटे घाला. ते जमणार नसेल तर मला पाण्यात सोडू नका. ज्याचा त्याचा तुकडा ज्याच्या त्याच्या घरी नेऊन द्या.