राईच्या उश्या

गोंडपिपरीकडच्या त्या दवाखान्यात कमळाबाई आया होती, पण बाळंतिणींच्या वॉर्डात चालायचं ते तिचंच. नव्या सिस्टरला बाळ नीट धरता आलं नाही, तर चार बायांसमोर विचारायची, नुसती टोपी घालायलेच शिकवलं का तुमच्या शाळेत. पाजलेलं बाळ पालथं टाकायचं, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. डोक्याखाली राई भरलेली उशी, म्हणजे डोकं गोल होतं. उश्या तिनेच शिवलेल्या.

साधना सिस्टर चंद्रपूरला ट्रेनिंगला जाऊन आली आणि तिने भिंतीला कागद चिकटवला. बाळ उताणं झोपवा, उशी नको, तोंडाजवळ कापड नको. तेव्हापासून डॉक्टरसाहेबांचा राउंड आला की बाळं उताणी व्हायची, उश्या खाटेखाली जायच्या. साहेब गेले की पुन्हा पालथी. साधनाही तेच करायची. कमळामावशीची वीस वर्षांची नोकरी मोठी, का तो कागद?

उन्हाळ्यात कमळाबाईची लेक दिव्यानी माहेरी होती. पोरगा सव्वा महिन्याचा. ती नळावर धुणं धूत असताना कमळाबाईने त्याला राईच्या उशीवर पालथा निजवला आणि ड्युटीला निघून गेली. दिव्यानी आली, झोपला आहे तर झोपू द्यावं, असं तिला वाटलं. उचलला तेव्हा नाक उशीत रुतलेलं होतं, अंग गार.

सासरचे म्हणाले, हिनंच लक्ष ठेवलं नाही. दिव्यानीने ते मान्य करून टाकलं. कमळाबाई ऐकत बसली. रडू आलं नाही. नवव्या दिवशी डबा बांधला आणि बस धरली. हात काम करायचे, ती बाजूला उभी असल्यासारखी.

त्या सकाळी राउंड उरकून साहेब गेले. साधनाने खाटेखालून उशी काढली, बाळ पालथं केलं. कमळाबाईने पोछा ठेवला आणि बाळ उताणं केलं.

साधना हसली. "काऊन मावशी? साहेब गेले ना आता."

नुसतं नको म्हटलं तर या ऐकणार नाहीत, हे कमळाबाईला ठाऊक होतं. आणि पलीकडच्या खाटेवर तिच्याच गावच्या पत्रूची सून होती, तिची सासू डबा घेऊन बसलेली. इथलं बोलणं दुपारच्या बसने घरी पोचणार होतं.

"माह्या नातवाले म्याच असं झोपवलं होतं," ती म्हणाली. "उशीत नाक गेलं त्याचं. दिव्यानीची काई चूक नोती."

पत्रूच्या बायकोने डब्याचं झाकण लावलं.

साधनाने हळू विचारलं, "दिव्यानीले मालूम हाय, पालथं झोपवल्यानं गेला ते?"

"नाई. आज होईन."

साधनाने काढलेली उशी कमळाबाईने घेतली, काखेत मारली आणि पुढच्या खाटेकडे वळली. तिथलं बाळ पुन्हा पालथं झालेलं होतं.