बटणांच्या डब्यातली बेरीज

मी पत्र्याचा डबा. जन्मलो तो बिस्किटांसाठी, पण ती आठवडाभरही टिकली नाहीत. मग एका शिवणकाम करणाऱ्या बाईने मला धुऊन पुसून शिलाई मशीनशेजारी ठेवलं आणि बटणांनी भरलं. पांढरी, काळी, चार भोकांची, कुणाच्या कोटाची उरलेली. माझं खरं आयुष्य तिथून सुरू झालं.

तिची मुलगी चौथीत होती. घरात सगळे तिला बबडी म्हणत. एका संध्याकाळी ती वही घेऊन रडवेली आली. गणित असं होतं: त्रेपन्न मुलं सहलीला जाणार, एका गाडीत आठ मुलं बसतात, तर गाड्या किती लागतील? बबडीचं उत्तर होतं सहा, बाकी पाच. त्यावर लाल फुली.

"भागाकार बरोबर आहे माझा," ती म्हणाली. "आणि तुला काय विचारू? तू तर तिसरीतच शाळा सोडलीस."

मशीनवरचा आईचा पाय थांबला. ती उठली, मला उचललं आणि जमिनीवर पालथं केलं. "मोज त्रेपन्न. आता आठ-आठ वेगळी कर."

सहा ढीग झाले. पाच बटणं उरली.

"मग ही पाच पोरं काय चालत जाणार?"

बबडी आधी बघतच राहिली, मग खुदकन हसली. सात गाड्या लागल्या.

त्या दिवसापासून आमचा तिघांचा वर्ग भरायला लागला. आईला वाचताना अडखळायला होई, म्हणून गणित बबडी वाची. आई ऐके आणि बटणं मांडी. हळूहळू शेजारची दोन-तीन मुलंही दप्तरं घेऊन येऊ लागली. बटणं हरवत, कोचाखाली जात, आई कुरकुरत शोधून काढी.

पाचवीत अपूर्णांक आले आणि आमचं घोडं अडलं. अर्धा अधिक एक तृतीयांश. आईने वरची वरच्यात मिळवली, खालची खालच्यात, आणि ठासून सांगितलं, "दोन पंचमांश." बबडीने तेच लिहिलं. वर्गात बाई तिला चांगल्याच रागावल्या. घरी आल्यावर ती आईशी बोलेना.

दुसऱ्या दिवशी आईने मला पिशवीत घातलं आणि शाळा गाठली. गळ्यातली मोजपट्टी काढायचंही तिला भान राहिलं नव्हतं.

"चूक माझी आहे," ती बाईंना म्हणाली. "तिला रागावू नका. मला समजावून सांगा."

बाईंनी एका बाकावरच्या वह्या बाजूला केल्या. मग म्हणाल्या, "बसा." मुलांच्या बुटक्या बाकावर आई कशीबशी मावली. बाईंनी माझ्यातली बारा बटणं काढली. "यांची अर्धी?" सहा. "यांचा तिसरा हिस्सा?" चार. "मिळून बारांतली दहा. म्हणजे पाच षष्ठांश. अर्ध्यात भर घातली, तर ते अर्ध्याहून कमी कसं होईल?"

"अगं बाई," आई म्हणाली, "अर्धा मीटर कापडाला जोड दिला आणि ते आखूड झालं म्हणण्यासारखंच की हे."

बाई हसल्या. मागच्या बाकावरून बबडीही.

त्यानंतर आई दर शनिवारी शाळा सुटल्यावर बाईंकडे जाऊन बसे. सोमवारी मुलांना शिकवायचं ते आधी स्वतः शिकून घेई. दोन वर्षांत ती गणितं स्वतः वाचायला लागली, बोट ठेवून, पण न अडखळता.

आता आई नाही. मी बबडीच्या घरी कपाटात वरच्या फळीवर असतो. झाकणाला गंज चढलाय. तिची मुलं फोनला विचारतात आणि फोन लगेच उत्तर देतो. चांगलंच आहे. पण फोन कधी कुणाच्या शाळेत जाऊन "चूक माझी आहे" म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही.

तुमच्या घरी कुणी वहीवर डोकं टेकून बसलं असेल, तर उत्तर सांगायची घाई करू नका. मूठभर काहीतरी त्याच्यापुढे ओता आणि शेजारी बसा. तुम्हाला येत नसलं तरी बसा.

माझ्यात आता फार बटणं उरलेली नाहीत. पण बबडी कधी एकटी असली की मला खाली काढते, आत हात घालते आणि उगाच ढवळत राहते. मोजत मात्र नाही.