रक्त वाढलं सासऱ्याचं

मी तवा बोलतोय. बिडाचा, खोलगट, दोन कानांचा. नाशिक जिल्ह्यात गरोदर बायकांच्या रक्तावर जे मोठं संशोधन चाललंय ना, ते माझ्याच जिवावर चाललंय. माझ्याशिवाय त्याचं पान हलत नाही. आता खरं सांगायचं तर त्या संशोधनात पुष्कळ घरं आहेत, प्रत्येक घरात एकेक लोखंडी भांडं आहे, आणि त्या सगळ्यांत वाईट निकाल माझ्याच घरचा लागलाय. पण नंबर वरून मोजायचा की खालून, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

माझा जन्म भंगारातला. फुटके पाइप, मोडकं इंजिन, असं काय काय वितळवून मला ओतला. ते इंजिन विहिरीवरचं असणार, कारण माझी टकळी एकदा सुरू झाली की थांबत नाही. नांदगावच्या बाजारातून मी थेट शाळेत गेलो. हसू नका, खरंच शाळेत. पोरांच्या खिचडीची फोडणी माझ्यात व्हायची अन भिंतीपलीकडं वर्ग भरायचा. म्हणून मला तेराचा पाढा येतो. चौदाचा येत नाही, कारण तो सुरू व्हायच्या आत जेवणाची सुट्टी व्हायची.

ती खिचडी करायची बायडाबाई. शाळेला नवी भांडी आली तसं तिनं मला घरी आणलं. आणलं म्हणजे पदराखाली घालून आणलं. मास्तरांनी बघून न बघितल्यासारखं केलं, कारण जुना कुकर मास्तरांच्या पिशवीत होता.

बायडाबाईचा मळा नाशिकच्या शिवाराला लागून. झेंडू, मेथी, कोथिंबीर. तिचा नवरा गेणू पहाटे माल घेऊन पंचवटीच्या बाजारात जातो आणि दुपारी येऊन जेवायला बसतो. जेवतो म्हणजे काय, भाकरीच्या तुकड्यानं मला असा पुसतो की घासायला काही उरतच नाही. म्हणतो, "तवा पुसल्याबिगर जेवल्यावाणी वाटत नाय." मला गुदगुल्या होतात, पण सांगणार कुणाला?

पुढं त्यांच्या रोहितचं लग्न झालं, सून पूजा आली, आणि तिच्याबरोबर ती न चिकटणारी गुळगुळीत भांडी आली. त्यांना लाकडी चमचा लागतो, मऊ घासणी लागते. जावयाचेसुद्धा एवढे लाड नसतात. माझी रवानगी झाली कोंबड्यांच्या डालग्यावर, वजन म्हणून. कोंबड्यांनी माझं काय काय केलं ते सांगत नाही. तुमचं जेवण व्हायचं असेल.

मग पूजाला दिवस गेले, आणि दारात सायली मॅडम उभी राहिली. शहरातल्या कुठल्याशा कॉलेजातली डॉक्टर. चष्मा कपाळावर, पेन केसात, आणि दोन्ही शोधत पिशवी उपसायची सवय. तिनं पूजाच्या बोटाला सुई टोचली, थेंब यंत्रात घातला आणि तोंड बारीक केलं.

"हिमोग्लोबिन आठच आहे. गोळ्या घेते का?"

"घेती की," बायडाबाई म्हणाली, "पण पोटात ठरत नाय तिच्या. घेतली का वकली, घेतली का वकली."

"मावशी, बाळंतपणात थोडं जरी जास्त रक्त गेलं तर एवढ्या रक्तावर जिवावर बेतेल हिच्या."

पूजा खाली मान घालून बोटावरचा कापूस दाबत राहिली.

मग सायलीनं समजावलं. गोळ्या थोड्या थोड्या चालूच ठेवायच्या, आणि आंबट भाजी लोखंडी भांड्यात शिजवायची. लोखंड भाजीत उतरतं, भाजी पोटात जाते. त्यानं रक्त किती वाढतं, मुळात वाढतं का, हेच त्यांना बघायचंय. तिनं एक नवीकोरी लोखंडी कढई दिली. बायडाबाईनं कढईला हळद-कुंकू लावलं आणि भाचीच्या रुखवतासाठी माळ्यावर टाकली. "घरचा तवा हाय की," म्हणून मला डालग्यावरून उतरवला. सायलीनं पुढच्या खेपेला मला टिचकी मारून बघितलं आणि म्हणाली, "चालेल. लोखंड ते लोखंड." एवढ्या वर्षांत एका शिकलेल्या माणसानं माझी परीक्षा घेतली आणि मी पास झालो!

त्या पहिल्याच दिवशी बायडाबाईनं आपलंही बोट पुढं केलं होतं. "माझंबी बघ गं. अन ह्यांचंबी बघ, फुकटात हाय तर." झेंडूची पोती पाठीवर टाकणारा गेणू सुई बघून देवाची नावं घ्यायला लागला. त्याचं निघालं अकरा. बायडाबाईचं किती निघालं ते तिनं कुणाला सांगू दिलं नाही, वय विचारल्यासारखं केलं.

तेव्हापासून माझ्यात रोज आंबट शिजतंय. अंबाडी, चुका, टोमॅटो. भाजी काळीकुट्ट होते, माझ्यावरच जाते. सायली अधूनमधून फोन करते, "मावशी, तव्यातच करता ना?" बायडाबाई सांगते, "देवाशपथ, रोज करते." शपथ खरी. तव्यात काय शिजतं हे सायलीनं दहादा विचारलं, कुणाच्या पोटात जातं हे एकदाही विचारलं नाही. शिकलेल्यांचं असंच असतं. मी सांगितलं असतं, पण माझं कोण ऐकतो?

दुसऱ्यांदा रक्त तपासलं. गेणू तेरा! पूजा आठाची साडेसात. गेणूनं पंचवटीत भाजीवाल्यांना गाठून गाठून सांगितलं, "डॉक्टरीण म्हनली, असं रक्त जवान पोराचंबी नसतंय." तिकडं सायलीनं यंत्र बदललं, सुई बदलली, शेवटी माझ्याकडं असं बघितलं जसं काही मीच मधल्यामध्ये लोखंड खाल्लं.

आज ती न सांगता आली, नेमकी जेवणाच्या वेळी. बायडाबाईनं तिला हात धरून बसवली, आणि सायलीनं हट्ट करून पूजालाही शेजारी बसवली. ताटं वाढली. सायलीच्या ताटात दुधीची पांढरीफेक भाजी. पूजाच्या ताटात तीच. गेणूपुढं अंबाडी, आणि बाजूला मी, पुसून घ्यायला तयार.

सायलीचा घास थांबला. "मावशी, ही काळी भाजी मामांनाच?"

"मंग? पाव्हणीला असली काळी वाढू व्हय?"

"आणि पूजाला?"

"तिला तं मुळीच नाय. पोटुशी बाईनं काळं खाल्लं तं लेकरू काळं निपजतं."

सायलीनं कपाळाला हात लावला. तिथं चष्मा होता, तो तिला सापडला. "अहो, रंग भाजीतून येत नाही. आईबापाकडून येतो, तुमच्याकडून येतो, मामांकडून येतो."

सगळ्यांनी गेणूकडं बघितलं. तो आणि मी अंधारात शेजारी ठेवले तर बायडाबाई फोडणी कुणावर घालील सांगता येत नाही.

"म्हणून तं म्हणते!" बायडाबाई उसळली. "घरात आधीच उजेड नाय. तुला काय ठावं बाई? मला बघाया आलेली माणसं चहा न पिता उठायची. काळी म्हणून. माझ्या बापानं उंबऱ्यात बसून तोंड लपवलेलं हाय. उद्या नात झाली तं तिला तसं नको, म्हणून जीव तोडून दोन दोन भाज्या करते मी, अन तू मलाच बोलती!"

गेणूचा भाकरीचा तुकडा हातातच राहिला. माझ्या तळाशी अर्धी भाजी अजून आहे, बाजूनं वाफ निघतेय, आणि मी हे तुम्हाला सांगतोय.

तर मंडळी, माझं मागणं थोडं आहे. मला हळद-कुंकू नको. राखेनं घासा, तेलाचं बोट फिरवा, म्हणजे मी गंजत नाही. फक्त माझ्यात जे ज्याच्यासाठी शिजतं, ते त्याच्या ताटात पडू द्या. लोखंड सोडणं माझं काम, ते मी करतो. वाढणं माझ्याच्यानं होणार नाही. मला हात नाहीत, नुसते कान आहेत.

आत्ता त्यातला एक कान पूजानं धरलाय. पदर गुंडाळून. ही पोरगी बोलत नाही, लग्न होऊन आल्यापासून हिच्यापेक्षा जास्त आवाज मी चमच्यांचा ऐकलाय. तिनं मला आपल्या ताटाकडं ओढला, तोच दुसरा कान बायडाबाईनं पकडला.

"ठिव तो तवा! उद्या लेकरू काळं निपजलं तं मला सांगत येऊ नको."

पूजानं कान सोडला नाही.

"आत्याबाई, लेकरू काळं हाय का गोरं, हे बघायला मी तं जित्ती पायजे ना?"