नेदाच्या झऱ्यावरचा पेला

मित्रांनो, आरोग्य संग्रहालयात तुम्ही सांगाड्यापुढे घोळका करता आणि शेजारच्या कपाटाकडे ढुंकूनही पाहत नाही. तिथला, कडेला पोचा पडलेला पत्र्याचा पेला म्हणजे मी. तहानलेल्यांच्या उपयोगी पडण्यासाठी जन्मलो आणि एका लेकराच्या जिवावर उठलो.

बल्गेरियातल्या एका डोंगराळ गावात मला पत्र्याचे डबे करणाऱ्या कारागिराने घडवले. नेदाचा नवरा ग्रोझ्दान ऐन कापणीत तापाने गेला, तो पाणी पाणी करत. त्याच्या नावाने तिने रस्त्याकडेला दगडी झरा बांधला आणि मला साखळीने तिथे अडकवले. येणारा जाणारा माझ्यातून पिई आणि म्हणे, "देव त्याला क्षमा करो." मग ते पाणी ग्रोझ्दानला पोचते, अशी तिकडची श्रद्धा. उरलेला घोटही कुणी फेकायचा नाही. फार मान होता मला. मी माजलोही थोडासा.

एका शरदात घटसर्पाची साथ आली. डॉक्टर मिन्चेव खेचरावरून नेदाकडे आले. "नेदाबाई, महिनाभर तो पेला काढा. लोक ओंजळीने पितील."

"ओंजळीने? ते त्याला कसं पोचायचं? तुमची अक्कल शहरात चालवा, डॉक्टर. माझा माणूस तिकडे तहानलेला नाही राहायचा!"

मी साखळीवरच राहिलो.

दोन दिवसांनी गळ्याला फडके गुंडाळलेली एक वाटसरू बाई आली. नेदाची आठ वर्षांची रालित्सा तिथेच होती. तिने मला भरून दिले. बाईला दोनच घोट गिळवले. उरलेले पाणी बाबाचे, म्हणून आईने शिकवल्याप्रमाणे पोरीने ते शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकले. मला काय ठाऊक, माझ्या कडेला काय चिकटले होते!

आठवड्याच्या आत रालित्साचा गळा बंद झाला. नेदा मला तिच्या ओठांशी धरी आणि पाणी हनुवटीवरून ओघळे. त्या ओठांची धग मी विसरू शकत नाही. पोर गेली. नेदाने स्वतः माझी साखळी तोडली आणि मला डॉक्टरांच्या हातात दिले. तिथून मी या कपाटात आलो. खाली चिठ्ठी लागली, 'सार्वजनिक पेला. घटसर्पाचा प्रसार.'

बावीस वर्षांनी, शाळेची मुले कपाटापुढे उभी असताना, एक काळा रुमाल बांधलेली म्हातारी आत आली. नेदाच ती. मी तिला हातांवरून ओळखले.

एका मुलीने तिला विचारले, "आजी, हा पेला वाईट होता का हो?"

"नाही गं बाई. पेला भला होता. डॉक्टरही भला होता. मीच हेकट. माझी रालित्सा यातून प्यायली." काचेवर तळवा टेकून ती रडली. मला तर रडताही येत नाही.

मग डोळे पुसून तिने त्या मुलीला जवळ घेतले. "साथीची लस टोचायला आले तर पळू नकोस हं. आणि मैत्रिणीला पाणी दे, पण तिच्या पेल्यात ओतून दे. उष्टं नाही दिलं म्हणून माया आटत नाही. एवढंसं कळायला मला माझी लेक द्यावी लागली."